माग शिवेपर्यंत

जऊळका,
९ नोव्हेंबर

चिरंजीव सतीश,

जयभीम. हे पत्र तुझ्या प्रश्नाचं उत्तर आहे, समजूत घालायचं पत्र नाही. तेव्हा पहिल्या ओळीवरच मोबाइल पालथा घालू नको.

प्रश्न तू मला विचारला नाहीस, बहिणीला विचारलास. पल्लवीनं तो वाचून दाखवला: "बाबाले विचार, माग काढत गेलं आन् दुसऱ्या गावची शिव लागली, मंग काय करत होते?" तुझी माय चुलीपाशी होती. म्हणाली, "बापाशी बोलाले तोंड नाई, आन् बापाची विद्या मात्र पायजे." असं बोलली खरी, पण त्यानंतरची भाकर तिनं थापता थापता दोनदा मोडली. तू गेल्यापासून आमच्याकडे आलेला तुझा हा पहिलाच सवाल.

मी हातानं लिहितो, पल्लवी फोटो काढून तुला धाडते. अक्षर लागलं नाही तर मोठं करून पाहा. मी शिकलो ते स्टेशनावरच्या पाट्या वाचत वाचत, म्हणून माझी अक्षरं पाटीवरच्यासारखी सुटी सुटी उभी असतात, एकमेकांना धरत नाहीत.

पल्लवी सांगते, तुझ्या कंपनीची समुद्राकाठची केबल कोणी पुन्हा पुन्हा तोडून नेतं, आणि पहाऱ्याचा सुपरवायझर म्हणून सगळं तुझ्या डोक्यावर येऊन पडलं आहे. इराणचा तो किनारा मी पाहिलेला नाही. पण वाळू म्हणजे मातीचीच बहीण, थोडी बेइमान. काळ्या मातीत पाऊल चार दिवस टिकतं, वाळूत वारा उठेपर्यंत.

तर ऐक. आपलं घराणं मूळ इंझोरीचं, गावाची राखण करणाऱ्या जागल्याचं. गावात चोरी झाली की पाटलाचा माणूस आधी आपल्या दारी येई. जागल्यानं पाऊल शोधायचं, आणि सापडलं की त्यावर टोपलं पालथं घालायचं. कोंबडी, कुत्रं, वारा आणि बघायला आलेली माणसं, या सगळ्यांपासून ते राखायचं. मग काडी मोडून माप घ्यायचं, टाचेपासून अंगठ्यापर्यंत. ती काडी कमरेला खोचायची आणि निघायचं. हे सगळं मी तुला रुळाकडेच्या वावरात, हरवलेल्या शेळीमागं फिरत शिकवलं आहे. तू माझ्यापेक्षा तेज होतास. माझी नजर पावलावर असे, तुझी पुढच्या पावलाच्या जागेवर.

शिव लागली की थांबायचं. तिच्यापुढं आपला पाय नाही. हाक द्यायची. त्या गावचा जागल्या येई, आपल्या काडीशी पाऊल ताडून पाही आणि माग त्याच्या हवाली होई. पुढचं त्यानं पाहायचं. माग त्याच्याही गावातून निघून गेला तर तो पुढच्या शिवेवर नेऊन सोपवी. असा गावोगाव माग चाले.

म्हणून तूही शिवेवर थांब. वस्तीत शिरू नको. परक्या मुलखात एकट्या माणसानं लोकांच्या दारापुढची माती हुंगत फिरणं बरं नव्हे. शेवटचं पाऊल झाक आणि थांब, एवढंच माझं सांगणं.

इकडं कापसाची वेचणी लागली आहे. तूर शेंगांवर आली. अंगणातलं सिमेंट तसंच आहे. तू रागानं निघालास तेव्हा ते ओलं होतं, दारापासून फाटकापर्यंत तुझी पावलं उठली आहेत. सेवादास मिस्त्री येता-जाता म्हणतो, "काका, घमेलाभर माल लागंल, बुजवून देतो." मी म्हणतो, राहू दे, पावसाचं पाणी साचतं त्यात, चिमण्या पितात.

बिल्ल्याबद्दल तू काही विचारलं नाहीस. मीही लिहीत नाही.

वेळेवर जेवत जा.

तुझा बाबा,
जानराव

*

जऊळका,
१६ नोव्हेंबर

चिरंजीव सतीश,

तुझं उत्तर थेट माझ्या नावानं आलं. "बाबा, पणजोबा पण ह्याच काठावर होते ना? मी साहेबाले सांगतलं, तो लय खुश झाला." पल्लवीनं वाचलं तेव्हा मी दाढी करत होतो. अर्धी तशीच राहिली. तुझी माय म्हणाली, "अर्धा गाल पोराचा, अर्धा बापाचा, आता राहू द्या तसंच."

हो, तुझा पणजोबा म्हणजे माझा आजा गोविंदा. तो त्याच काठावर होता, तू जिथं आहेस तिथून फार लांब नाही. जाताना तू त्याचा पितळी बिल्ला मागितलास आणि मी पेटीची किल्ली दिली नाही. तू म्हणालास, "तुम्हाले आपल्याच आजाची लाज वाटते." एवढं बोलून तू ओल्या सिमेंटावरून निघून गेलास. तर आता त्याची गोष्ट ऐक. माझी आजी केशरबाई, म्हणजे त्याची बायको, तिनं मला सांगितली तशी.

आजाला पलटणीत जायचं होतं. त्या वेळी साहेबानं आपल्या लोकांना पलटणीत घेणं बंद केलं होतं. तेव्हा तो मुंबईला गेला, तिथून बोटीनं कराचीला, आणि तारखात्यात पहारेकरी झाला. विलायतेची तार हिंदुस्थानातून निघून त्या काठाकाठानं जाई. एका बाजूला समुद्र, एका बाजूला उघडे डोंगर, मधे लोखंडी खांब. मुलूख इराणच्या शहाचा, पण काठावर हुकूम चाले इंग्रजाचा. बुशहरला मोठा साहेब बसे, जास्कला तारेचं ठाणं होतं, खाडीत तोफेचं जहाज उभं राही. डोंगरातल्या सरदारांना सालाचा पगार बांधून दिलेला. ज्याच्या हद्दीत तार तुटेल त्यानं जबाब द्यायचा. आजाला हे ऐकून बरं वाटलं म्हणे. त्याला वाटलं, हे तर आपल्या गावासारखंच आहे, प्रत्येकाची आपली हद्द, आपली राखण.

मी पुढं रेल्वेत गँगमन झालो, माझा रुळांचा तुकडा पायी फिरून राखू लागलो, तेव्हा आजी म्हणायची, "ह्या घरातले बाप्ये दुसऱ्याची लाइन राखाले जन्मले."

त्या काळात मस्कतेहून बंदुका होड्यांनी उतरत आणि उंटांवरून वर डोंगरात जात. उतरवणारे आधी तार तोडत, म्हणजे ठाण्याला खबर लागू नये. एकदा तार तुटली आणि खांबापाशी आजाला पाऊल सापडलं. डाव्या पायाची करंगळी आत वळलेली. टोपलं कुठून आणायचं, म्हणून त्यानं डोक्याचं मुंडासं सोडून पावलावर घातलं. काडी मोडली आणि निघाला. दिवसभर वाळूतून चालला. संध्याकाळच्या आत एक वस्ती आली, खजुराची झाडं, चटयांच्या झोपड्या, काठावर ओढलेल्या होड्या. आजीला वस्तीचं नाव सांगता येत नसे, ती नुसतं "खजुराची वाडी" म्हणे.

माग त्या वाडीच्या शिवेवर आला. आजा तिथं थांबला.

पुढं साहेबानं त्याला बिल्ला दिला.

हात भरून आला आहे. तुझी माय दारातून ऐकत होती. म्हणाली, "थांबला, आन् मंग बिल्ला? मधातलं कोठं गेलं?" मी म्हटलं, चहा ठेव.

तू पाठवलेला फोटो पाहिला. पावलावर घमेलं ठेवलंस ते छान केलंस. पण एका पावलावरून मला काही कळत नाही. वस्तीजवळ येतानाची पावलं एका ओळीत दिसतील असा फोटो काढ. उन्हं तिरपी असताना काढ, म्हणजे सावली पडेल.

तुझ्या साहेबाला जागा दाखवायची घाई करू नको. का ते विचारू नको.

बाबा

*

जऊळका,
१९ नोव्हेंबर

सतीश,

हे आधी वाच, मंग बाकीचं काम कर. शुद्धबिद्ध काई नाई आता, जसं येते तसं लिहून राह्यलो.

तुहा मेसेज आला. "शिवेवर थांबलो, बाबा. तुमी सांगतलं तसंच. साहेबाले जागा दाखवली. तो म्हणे, झालं, वस्ती भेटली. शुक्रवारी बंदूकवाले येतीन. जुम्म्याच्या नमाजाले सगळे बाप्ये एका जागी सापडतात." त्याच्याखाली तूनं लिहिलं, "पणजोबासारखंच झालं."

पोरा, पणजोबासारखंच झालं. तेच मले लिहाचं होतं आन् मी लिहिलं नाई. मधातलं पान मी रविवारीच लिहून ठेवलं होतं. पल्लवी फोटो काढाले आली तवा उशीखाली सारलं. आता ते तसंच घे.

आजा शिवेवर थांबला आन् आपल्या गावात देतो तशी हाक दिली, कोण हाय रे जागल्या, माग घे. तिथं कायचा जागल्या? एक म्हातारी बाहेर आली. हा उन्हानं काळानिळा झालेला. तिनं आपला माठ आणला आन् सरळ त्याच्या हातात दिला. आजी सांगे, इंझोरीत त्याच्या ओंजळीत वरून पानी सोडत होते. त्या बाईनं माठच हातात दिला. तो पेला, आन् वाट पाहत बसला, की आता वस्तीचा माणूस येईन, काडी ताडून पाहीन, आन् माग पुढं नेईन.

मागून घोड्यावर साहेब आला. त्यानं काय पाह्यलं? माग इथवर आला, आन् माग काढणारा इथं बसला. त्याच्या कायद्यात पुढचा जागल्या नव्हता. जिथं माग आला ते गाव चोर. आजाले वाटलं साहेब वस्तीच्या माणसाले बोलावाले जाऊन राह्यला. साहेब जहाजाकडे गेला होता.

सकाळी खाडीतून तोफ चालली. मंग शिपाई उतरले. झोपड्या जाळल्या, होड्या जाळल्या, खजुराची झाडं तोडली. आजी म्हणे, माणसाचं त्यानं कवाच सांगतलं नाई. फक्त माठाचं सांगे. माठ फुटून पडला होता आन् आतली बाजू अजून ओली होती.

मंग आजा वस्तीत शिरला. आता कोण अडवते? गावच नाई राह्यलं तं शिव कोणाची? राखेतून चालत पलीकडे गेला. आन् तिकडच्या बाजूले त्याले तेच पाऊल दिसलं, करंगळी वळलेलं, खाली खाडीकडे गेलेलं. होडी ओढल्याच्या रेघा होत्या. बंदुका उतरवणारे वस्तीच्या कडेनं निघून गेले होते. तिथं कोणाच्या घरात वळलेच नव्हते.

तो पळत साहेबाकडे गेला. साहेबानं ऐकून घेतलं. मारलं नाई, शिवी देल्ली नाई. म्हणे, रिपोर्ट गेला. त्याच सकाळी तार जोडली होती. जोडल्यावर तिच्यावरून बुशहरले गेलेली पहिली खबर तीच होती, की चोराची वस्ती भेटली आन् तिचा बंदोबस्त केला. गेलेली तार परत येत नाई म्हणे. दुसऱ्या दिवशी त्याच्या छातीवर बिल्ला लावला.

हे असं आहे तुया पणजोबाच्या बिल्ल्याचं. घरी आल्यावर त्यानं कवाच कोणाचा माग काढला नाई. बैल चोरीले गेला तरी बसून राहे. लोकं म्हणत, परदेशातून येडा होऊन आला. मी तुले हे नाई सांगतलं काहून की तू लहानपणी तो बिल्ला सदऱ्यावर लावून अंगणात परेड करे. तुया तोंडाकडे पाहून जीभ उचलली नाई. आन् मंग तू मोठा झाला, पहाऱ्याची नोकरी धरली, तवा तं अजूनच उचलली नाई.

आता नीट ऐक. तूनं पाठवलेला ओळीचा फोटो मी भिंगातून पाह्यला. वस्ती जवळ आली तसं त्याचं पाऊल आखूड झालं. आन् तो वाट सोडून खालच्या अंगानं सरकला. आपल्या घरी येणारा माणूस असा चालत नाई. घर दिसलं की पाऊल लांब पडते. आखूड पाऊल टाकते तो, ज्याले त्या गावाचे कुत्रे भुकायचं भेव असते. वारा वस्तीकडून ज्या अंगाले येऊन राह्यला असंन, त्याच अंगानं तो गेला असंन, म्हणजे कुत्र्याले वास नाई. तो तिथला नाई. मले फोटोवरून पक्कं सांगता येत नाई, पन तुले जागेवर दिसंन.

तू वस्ती ओलांडून पलीकडे जाजो. उद्याच जाजो, दिवसा. हातात काठी नको, कमरेले काई नको. पलीकडच्या अंगाले बसून पाहजो. माग निघालेला असंन तं साहेबाले तिथं घेऊन जाजो, नुसतं सांगू नको.

मी तुले थांब म्हनलं होतं. ते चुकलं. शिवेवर थांबाचं तवा, जवा पलीकडे कोणी घेणारा असते. तुह्या तिथं कोणी नाई. तूच अलीकडचा आन् तूच पलीकडचा.

तुही माय इथंच उभी आहे. ती म्हणते, लिहा, का पोरा जे करशीन ते जेवून कर.

बाबा

*

जऊळका,
२२ नोव्हेंबर

सतीश,

गुरुवारी दुपारी तुझा आवाज आला. लिहायला वेळ नव्हता म्हणून बोललास, हे बरं केलंस. आम्ही तिघांनी ऐकला, मग तुझ्या मायनं एकटीनं ऐकला, पल्लवीकडून बटण शिकून घेऊन. तो तुला परत लिहून धाडतो, म्हणजे आमच्यापर्यंत काय पोचलं ते तुला कळेल.

"बाबा, तुमचं बराबर हाय. पलीकडून निघाला. वस्तीत कोठंच वळला नाई. खाली नाल्यात गाडीच्या चाकाचा माग हाय, मोठी गाडी. साहेबाले म्हनलं चला, दाखवतो. तो आलाच नाई. तो म्हणे, रिपोर्ट गेला. मी वस्तीत जातो आता. इथल्या एकाले थोडी हिंदी येते, त्याले सांगतो का शुक्रवारी कोणी राहू नका. लेकरं मह्या बुटाले पाहून हसून राह्यले. मायले सांगा..."

तिथं आवाज तुटला. मायला काय सांगायचं ते राहिलं.

ती शुक्रवारी दिवसभर फाटकापाशी होती. कापूस वेचायला गेली नाही. मी म्हटलं, अगं तिथून इथं का दिसणार आहे? ती म्हणाली, "तुमी थांब म्हनलं, तवा थांबला. तुमी जा म्हनलं, तवा गेला. आता ये म्हणा ना." मी तीन शब्द लिहून पल्लवीला दिले. ते गेले, पण तुझ्या फोनवर पोचल्याची दुसरी खूण अजून उमटली नाही.

या पत्रालाही ती उमटली नाही तरी मी लिहिणार आहे.

रिपोर्ट गेला, हे दोन शब्द मी लहानपणापासून आजीच्या तोंडून ऐकत आलो. मला वाटायचं, त्या साहेबाबरोबर ते मेले असतील.

बाबा

*

जऊळका,
३० नोव्हेंबर

बाळ सतीश,

हे पत्र पल्लवीला दिलं नाही. फोटो काढू नको म्हणून सांगितलं. कागदावरच राहील. का, ते सांगतो.

मंगळवारी फोन आला, तुझ्या कंपनीतून. माणूस हिंदी बोलत होता, गोड बोलत होता. "बाबूजी, आपका लड़का ड्यूटी छोड़कर चला गया है। हमें उसकी फ़िक्र है।" मी विचारलं, तिथं शुक्रवारी काय झालं? म्हणाला, "थोड़ी गड़बड़ थी, अब सब ठीक है। बस्ती ख़ाली मिली।"

ख़ाली मिली. तुझ्या मायनं हातानंच विचारलं, काय? मी मान हलवली, म्हणजे काय ते मलाच ठाऊक नव्हतं.

तो पुढं बोलत राहिला. वस्तीच्या पलीकडून बरीच पावलं निघाली आहेत म्हणे, लहान-मोठी, बकऱ्यांच्या खुरांसकट, आणि त्यांत एक कंपनीच्या बुटाचं. थोडं अंतर दिसतात आणि मग वाळू सपाट. जशी कोणी झावळी फिरवून झाडली असावी. मी ऐकून घेतलं. हरवलेल्या शेळीमागं फिरताना एकदा तू विचारलं होतंस, बाबा, चोरानं पाऊल पुसलं तर? मी तुराट्यांची पेंढी घेऊन तुला दाखवलं होतं, उलटं चालत कसं झाडायचं, आणि माणूस कुठं चुकतो. तू चुकला नाहीस.

मग त्यानं खरं काम काढलं. "सुना है, निशान पहचानना आपके ख़ानदान का काम है। आपका लड़का ही बताता था। अब आप ही सोचकर बताइए, वो लोग किधर गए होंगे। लड़के का भला इसी में है।"

तू माझं कौतुक केलं होतंस त्यांच्यापुढं. मला ते आत्ता कळलं, आणि कुणाच्या तोंडून कळलं.

मी म्हटलं, "साहेब, मी जऊळक्याचा म्हातारा. माही नजर आता अंगणाच्या पुढं जात नाई." तो हसला. म्हणाला, "तो फिर हम अंगण तक आ जाएँगे."

त्याला मजाक करायची सवय असेल, असं मी पल्लवीला सांगितलं. पण काल सेवादास आला. उंबऱ्यावर बसला, पाणी प्याला, आणि म्हणाला, "काका, स्टेशनावर दोघं जण तुमचं घर विचारत होते. आपल्या इकडले नाई वाटले. सतीशचा फोटो होता त्यांच्यापाशी. मी म्हनलं, माहीत नाई, मी बाहेरगावचा." सेवादास जन्मला या जऊळक्यात.

मी त्याला म्हटलं, माल कालव.

आज सकाळी त्यानं दारापासून फाटकापर्यंत सगळं भरून काढलं. त्याआधी तुझी माय खाली बसली. एकेका पावलात हात ठेवून पाहिला, बोटं टाचेकडे, तळवा अंगठ्याकडे. काडी मोडली नाही, पण मापच घेत होती ती. मग उठली आणि म्हणाली, "टाका." सेवादासनं थापी फिरवली. आता अंगण पाटीसारखं कोरं आहे. तुझ्या पायाचं माप या घरात कोणाला मिळणार नाही. तुझे जुने बूट पल्लवीनं चुलीत पऱ्हाट्यांबरोबर जाळले. फोनमधले तुझे सगळे फोटो, आवाज, माझी आधीची पत्रं, तिनं पुसून टाकली. तुझा आवाज पुसण्याआधी तिच्या मायनं एकदा ऐकला. बिल्ला मी विहिरीत सोडला. आवाज फार मोठा झाला नाही.

माझ्या बापानं, त्याच्या बापानं, सगळ्यांनी पाऊल राखायला टोपलं घातलं. पुसायची विद्या आमच्यात खेळ म्हणून होती.

तू जिवंत आहेस असं मी धरून चाललो आहे. बुटाचं पाऊल सगळ्यात मागं होतं, असं तो माणूस बोलून गेला. झाडणारा नेहमी सगळ्यात मागं चालतो. आता तुझ्या मागावर जे असतील ते कुठल्या शिवेवर थांबणार नाहीत, हेही मला ठाऊक आहे.

हे पत्र मी न्हाणीच्या भिंतीतल्या सुट्या विटेमागं ठेवतो. तू लहानपणी गोट्या लपवायचास ती जागा. तुला सोडून कोणी तिथं हात घालणार नाही.

म्हणजे तू आला असशील तरच हे वाचशील. तर पुढचं पुढच्या वेळेसाठी समज. फाटकानं येऊ नको. ओढ्याकडून, तुरीच्या ओळीतून, मागच्या दारानं येत जा. कडी आतून लावलेली नसते. तिथं सिमेंट नाही, अजून माती आहे, पाऊल उठेल. त्याची काळजी करू नको. पहाटे मी झाडून घेतो.

बाबा